उतारावर गाडी न्यूट्रलला टाकताय? आधी हे वाचा

"उतार लागला की न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं." गाडी शिकताना हा सल्ला बहुतेकांना मिळतो. मला मामाने दिला होता. त्याच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीपुरतं त्यात थोडंफार तथ्यही होतं. आजच्या गाडीत मात्र हिशोब उलटा आहे.

एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ लागू झालं आणि कारपाठोपाठ बाइकही जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर आल्या. म्हणजे पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्यातलं लॉजिक आम्हा कोडिंगवाल्यांना लगेच कळेल असं आहे: गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटर सोडलाय आणि आरपीएम आयडलच्या बऱ्यापैकी वर आहे, तर इंजेक्टर बंद. इंजिन तेव्हा चाकांच्या जोरावर फिरतं, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये चाकांशी संबंधच तुटतो, मग इंजिन चालू ठेवायला ईसीयूला पेट्रोल सोडावंच लागतं.

पण खरा मुद्दा पेट्रोलचा नाहीच, ब्रेकचा आहे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण जवळपास ५०० मीटर खाली येतो. माणसांसकट १२०० किलोची कार धरा. एवढ्या उंचीची ऊर्जा सुमारे ५९ लाख ज्यूल होते. २० लिटर पाण्याला उकळी येईल इतकी! हवेचा विरोध आणि टायर त्यातली काही खातात. उरलेली न्यूट्रलमध्ये सगळी ब्रेकच्या माथी. पॅड तापले की पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. डॉट-३ ऑइल नवं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे जुनं झालं की बरंच आधी. ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल दाबल्यावर नुसती वाफच दबते, पाय तळाला जातो आणि गाडी थांबत नाही.

खालच्या गिअरमध्ये हाच भार इंजिन उचलतं. बंद थ्रॉटलवर पिस्टनला हवा ओढायला जोर लागतो, शिवाय घर्षण असतं. गिअर जितका खालचा, तितका रोध जास्त.

जुने ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरने घाट चढाल त्यानेच उतरा. कारला दुसरा किंवा तिसरा पुरतो. गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाका. ब्रेक सतत घासत ठेवू नका; वेग वाढला की ठामपणे दाबा, सोडा. गिअर एकेक करूनच खाली आणा. बाइकवर पाचव्यावरून थेट दुसरा टाकून क्लच झटक्यात सोडलात, तर मागचं चाक घसरतं. पावसाळ्यात तर नक्कीच. क्लच सोडण्याआधी थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की झटका बसत नाही.

सपाट रस्त्यावर सिग्नलला थांबताना मात्र प्रत्येक गिअर मोजत खाली यायची गरज नाही, सरळ ब्रेक मारा. ब्रेक पॅड क्लच प्लेटपेक्षा खूप स्वस्त असतात.

आणि हो, नुसत्या इंजिनने वेग कमी होतो तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. मागे कुणी चिकटून येत असेल तर ब्रेकला हलका पाय लावा, म्हणजे त्याला कळेल.