अ‍ॅफिनिटी फुकट मिळालं, पण हात कुठून आणणार?

कॅनव्हा या कंपनीनं ३० ऑक्टोबर २०२५ला अ‍ॅफिनिटी फुकट केलं आणि फोटोवाल्यांना एकदम दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखं झालं. फोटो, डिझाइन आणि पानांची मांडणी अशी पूर्वी तीन वेगळी विकली जाणारी सॉफ्टवेअर आता एकाच खिडकीत मिळतात, तीही कॅनव्हाचं खातं उघडलं की. ‘आता अ‍ॅडोबला कोण विचारतो?’ हा प्रश्न ओघानं आलाच.

या आनंदामागचं दुखणं जुनं आहे. अ‍ॅडोबनं २०१३मध्ये फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं थांबवलं आणि दरमहा भाडं सुरू केलं. पण खरं बोलायचं तर आपल्याकडच्या कित्येक स्टुडिओंना त्याची झळ बसलीच नाही. तिथं फोटोशॉप ‘क्रॅक’ करूनच चालायचं, म्हणजे फुकटच. तरीही लग्नाचे अल्बम उघडून पाहा. नवरीचा चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा, मान मात्र मूळ रंगाची. मागं स्वित्झर्लंडचे डोंगर आणि सावल्या दोन दिशांना. सॉफ्टवेअर महाग असल्यामुळे हे घडलं नव्हतं.

एडिटिंग शिकायचं तर माझ्या मते पहिला गुरू संगणकाच्या आधीचा असावा: अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा फोटो १९४१चा. त्याच एका निगेटिव्हच्या प्रिंट ते पुढं अनेक वर्षं काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट राखाडी आहे, त्यात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळंभोर झालं. १९४८मध्ये तर त्यांनी निगेटिव्हचा खालचा, गावाचा भाग रसायनात आणखी गडद करून घेतला. अ‍ॅडम्स मूळचे पियानोवादक. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हे वादन, असं ते मानत. प्रिंट काढताना कागदाच्या ज्या भागावर प्रकाश कमी पडायला हवा तो तारेवरच्या चकतीनं झाकायचा, आणि जो भाग गडद हवा त्यावर हाताच्या पोकळीतून जादा प्रकाश सोडायचा. फोटोशॉपमधली ‘डॉज’ आणि ‘बर्न’ची चिन्हं, ती चकती आणि तो हात, थेट डार्करूममधून आली आहेत. बटण कुठं आहे हे व्हिडिओ सांगतो. पण कुठं उजळायचं आणि कुठं थांबायचं, हे डोळ्यालाच शिकावं लागतं.

हळदीचा फोटो घ्या. चौकटभर पिवळा रंग पाहून कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स बिचकतो आणि भरपाई म्हणून निळा वाढवतो. हळद मातकट होते, पांढरा सदरा निळसर दिसतो. इथं ‘ब्राइटनेस’ ओढून काही साधत नाही. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन सदऱ्याच्या हळद न लागलेल्या भागावर टेकवा. मात्र तो भाग प्रकाशानं पूर्ण पांढराफट झालेला नको. त्यात रंगाची माहितीच उरलेली नसते. मग ‘कर्व्ह’ची रेषा खाली किंचित दाबा आणि वर किंचित उचला. चेहरा काळवंडला तर कर्व्हच्या लेयरला मास्क लावा आणि चेहऱ्यावर काळा ब्रश फिरवा. काळ्यानं झाकलेल्या जागी बदल लागू होत नाही, पांढऱ्यानं रंगवलं की परत येतो. मूळ फोटो शाबूत राहतो. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख), व्हाइट बॅलन्स, कर्व्ह आणि मास्क एवढ्या चार गोष्टी पक्क्या झाल्या की सॉफ्टवेअर कुठलंही असो, अडत नाही. ‘फेअरनेस’चा स्लायडर या यादीत नाही, आणि तो मी मुद्दामच वगळला आहे.

आता निवड. अ‍ॅफिनिटी देखणं आणि वेगवान आहे, पण त्यातल्या एआयच्या सोयींसाठी कॅनव्हाचं पैसे भरून घेतलेलं खातं लागतं. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरची ३.० आवृत्ती मार्च २०२५मध्ये आली. मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर लावून नंतर बदलण्याची सोय त्यात आहे. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींसाठी डार्कटेबल घ्या, तेही मोफत. संगणक जुना असेल किंवा कुणाची फोटोशॉपमधली पीएसडी फाइल तेवढी उघडायची असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी पुरतं. फक्त मोबाइल असेल तर स्नॅपसीड. मराठी मजकूर टाकायचा असेल तर आधी युनिकोड फॉन्टमध्ये ‘विठ्ठल’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ लिहून बघा. पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर पत्रिकेसाठी ते सॉफ्टवेअर निकामी. गिम्प या परीक्षेत पास होतं.

माझा कौल गिम्पलाच, आणि त्याचं कारण सोयीचं नाही, इतिहासाचं आहे. गूगलनं फुकट दिलेलं पिकासा घराघरांत पोचलं होतं, ते २०१६मध्ये बंद झालं. त्याच वर्षी गूगलनं ‘निक कलेक्शन’ फुकट केलं आणि २०१७मध्ये दुसऱ्या कंपनीला विकून टाकलं. नव्या आवृत्त्या पुन्हा पैसे देऊन घ्याव्या लागल्या. कंपनीचं फुकट हे कंपनीच्या मर्जीवर असतं. गिम्पचा कोड खुला आहे, तो कुणाला परत घेता येत नाही. १९९५मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम ते दोघं बाजूला झाल्यावरही इतरांनी चालू ठेवलं.

अ‍ॅफिनिटी वापरायचं तर जरूर वापरा. पण काम संपलं की त्याच्या स्वतःच्या फाइलीबरोबर इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी एक टिफ प्रत काढून ठेवा, आणि वाचलेल्या पैशांत मूळ फोटोंसाठी एक हार्ड डिस्क घ्या.