घरच्या संगणकाची हार्ड डिस्क: तपासणी आणि दुरुस्ती

हार्ड डिस्क म्हणजे घरच्या संगणकाचे दप्तर होय. यंत्र बंद केल्यावरही जे टिकून राहते, मग ती लग्नाची छायाचित्रे असोत, दुकानाचे हिशेब असोत की मुलांचे निकाल, ते सारे तिच्यावर असते. हे दप्तर बिघडले तर काय करावे आणि विशेषतः काय करू नये, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही या शास्त्राचे पदवीधर नाही. आमची उमर कामगारांची संघटना बांधण्यात गेली, आणि यातले जे थोडेफार कळते ते नुकसान सोसून कळले आहे.

२२ जुलै २०२१ रोजी महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या दुःखापुढे यंत्रांच्या नुकसानीची कथा ती काय सांगायची! परंतु पाणी ओसरल्यावर माणसे चिखलातून कागद शोधू लागली, तेव्हा आमच्याही दोन संगणकांचा प्रश्न उभा राहिला. एक महाडला तळमजल्यावर होता, तो पूर्ण बुडाला. दुसरा पोलादपुरास माडीवर होता. त्याला थेंबभर पाणी लागले नाही, पण वीज जाई आणि येई, त्यात तो चार-पाच वेळा चालता चालता बंद पडला. कंत्राटी कामगारांच्या हजेरीची माहिती या दुसऱ्या यंत्रात होती. एका वृद्ध कामगाराचा ग्रॅच्युइटीचा दावा चालू होता, आणि वर्षाला २४० दिवस काम केल्याचा पुरावा आम्हांला द्यायचा होता.

आता ही डिस्क असते कशी ते पाहू. हवाबंद वाटावी अशा डबीत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि त्यांच्यावरून वाचणारे-लिहिणारे टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत जाते. १९५६ साली आयबीएम कंपनीने असे पहिले यंत्र काढले, त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि साऱ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवरचे एक छायाचित्र तेवढी जागा सहज खाते.

तबकडीवर बारीक बारीक घरे आखलेली असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. एखादी फाइल अनेक घरांत विखुरलेली असू शकते. कोणती फाइल कोणत्या घरांत आहे, याची खतावणी त्याच डिस्कवर वेगळी ठेवलेली असते. आमच्या व्यापारी वाचकांना सांगायला नको की खतावणीआधी रोजकीर्द लिहावी लागते. विंडोजमधल्या डिस्कवरही अशी रोजकीर्द असते. मध्येच वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरू होताना ती पाहून खतावणीचा मेळ घालते. पण मेळ बसतो तो खतावणीचा. त्या क्षणी तुमच्या पत्राचा अर्धाच मजकूर लिहून झाला असेल, तर उरलेला अर्धा रोजकीर्दीतही नसतो.

म्हणजे बिघाड दोन प्रकारचे झाले. एकात खतावणीचा घोटाळा असतो, घरे मात्र शाबूत असतात. दुसऱ्यात घरेच खराब झालेली असतात. तपासणीसाठी ड्राइव्हच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबावे, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टूल्स’ आणि त्यात ‘चेक’ निवडावे. हेच काम आज्ञा टाइप करून ‘चेकडिस्क’ने होते. नुसती आज्ञा दिली तर ते फक्त पाहून सांगते, काही बदलत नाही. पुढे तिरकी रेघ देऊन ‘एफ’ लिहिले की खतावणी दुरुस्त करते. ‘आर’ लिहिले की त्याशिवाय एकेक घर वाचून खराब घरे बाजूला काढते आणि वाचता येईल तेवढे वाचवते. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तो चालू असताना दुरुस्त होत नाही, म्हणून पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना तपासू का, असे ते विचारते. ‘आर’चे काम तासन्‌तास चालते. ते मध्येच तोडू नये.

आम्ही पोलादपुरास काय केले? नक्कल न घेता थेट ‘आर’ची आज्ञा दिली. दुरुस्ती झाली, यंत्र गुणी बाळासारखे सुरूही झाले, पण हजेरीचा फोल्डर जागेवर नव्हता. त्याऐवजी ‘फाउंड’ नावाचा एक फोल्डर निघाला, त्यात नावगाव नसलेले तुकडे, नुसते क्रमांक दिलेले. ज्या घरांचा धनी खतावणीत सापडत नाही, त्यांतला मजकूर ही दुरुस्ती अशी गोळा करून ठेवते. तिच्या दृष्टीने काम चोख झाले होते. आम्ही दोन महिने ते तुकडे उघडत बसलो. काही जुळले, बरेच जुळले नाहीत.

म्हणून आधी नक्कल घ्यावी. दुसरी डिस्क जोडून जे गेल्यास पुन्हा मिळणार नाही ते सर्वांत प्रथम उतरवून घ्यावे, सिनेमे शेवटी. प्रत्येक डिस्क स्वतःचे आरोग्यपत्रकही ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या साधनाने ते वाचता येते. बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर ‘आर’च्या वाटेस जाऊ नये, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून एकेक घर वाचवून घेण्याच्या श्रमातच तिचा जीव जातो. आतून टकटक आवाज येऊ लागला तर वीज तोडावी आणि जाणत्याकडे न्यावी. नव्या संगणकांतल्या एसएसडीत तबकडी नसते, म्हणून तो आवाजही नसतो. ती पुष्कळदा काहीच पूर्वसूचना न देता जाते.

महाडची बुडालेली डिस्क आम्ही उन्हात वाळवून जोडणार होतो. डबी हवाबंद वाटली तरी बहुतेक डिस्कना श्वासापुरते एक छिद्र असते आणि त्यातून गाळ आत जातो. तसे असताना तबकडी फिरली की टोक तिला खरवडते. शेजारच्या एका मुलाने आमचा हात धरला. ती न उघडता, न वाळवता पिशवीत घालून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली आणि तीतले बरेचसे परत मिळाले. बुडालेली वाचली आणि कोरडी आम्ही आमच्या हातांनी घालवली.

दाव्याच्या तारखेआधी त्या वृद्ध कामगाराने पत्र्याच्या पेटीतून पगाराच्या चिठ्ठ्यांचे पुडके आणून आमच्यापुढे ठेवले. पेटी माळ्यावर होती. दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या नव्हत्या, त्या आम्ही अजून तुकड्यांत शोधतो आहोत.