खाऱ्या वाऱ्यातला बोल्ट

घरी मोटारसायकल दुरुस्त करताना बिघाड शोधायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्या बिघाडापर्यंत हात पोहोचवण्यात. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर तर हे जास्तच खरे. सायलेन्सर काढून गॅस्केट बदलणे हे घाटावर अर्ध्या तासाचे काम; मुरूडला किंवा दिवेआगरला तेच काम एका नटापायी तीन दिवस रखडते. गाडी तीच, पानाही तोच. फरक हवेचा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणाऱ्या तुषारांबरोबर ते वाऱ्यावर चढतात आणि पडवीत उभ्या असलेल्या गाडीवर येऊन बसतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच इथेही घडते. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ ओलावा ओढून पाघळते. समुद्री क्षारांतले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्या आर्द्रतेलाच पाघळू लागते. त्यामुळे पावसाचा थेंबही न लागलेली गाडी किनाऱ्यावर ओलीच असते. वरून ताडपत्री टाकली की ओल आत कोंडते, म्हणजे राखायला जावे तर आणखी बिघडते. जेट्टीवरून बर्फातली मासळी नेणाऱ्या गाड्यांची चेन आणि मागची रिम सर्वांत आधी जाते, कारण तिथे खारे पाणी थेट ठिबकते.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतोच. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि ही क्रिया वेग घेते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. नटाच्या आट्यांत एवढी जागा नसते, म्हणून तो पाचरीसारखा आवळून बसतो. इंजिनावर याहून वाईट प्रकार असतो. तिथे कवच ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादाचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे एक बारीकशी बॅटरीच तयार होते. तिच्यात झिजते ते ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. बाहेरून बोल्ट चकचकीत दिसतो, आत तो जाम झालेला असतो.

घरच्या कारागिराची पहिली चूक इथेच होते. पान्याला पाइप अडकवून जोर लावला की बोल्ट सुटण्याऐवजी पिळवटतो. 10 नंबरच्या पान्याने फिरणाऱ्या बोल्टची जाडी फक्त 6 मिलिमीटर असते. हाताला आधी किंचित मऊ लागते, वाटते सुटला. मग ‘कट्’ असा आवाज होतो आणि डोके पान्यात, धड इंजिनात. अनुभवी माणूस उलटे करतो. तो रात्री आट्यांवर डिझेल आणि तेल सोडून ठेवतो. बोट असलेल्या घरी डिझेलची वानवा नसते. सकाळी तो बोल्ट आधी थोडा आवळून पाहतो, मग सोडतो, पुन्हा आवळतो. उष्णतेचाही उपयोग होतो: ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून गरम केले की आट्यांची पकड ढिली पडते. पेट्रोलच्या टाकीखाली ज्योत मात्र धरू नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही काही जण धरतात.

जुन्या गाड्यांच्या इंजिन कव्हरवरचे स्टार स्क्रू हा स्वतंत्र छळ आहे. जपानी घडणीच्या गाड्यांत ते जपानी मापाचे असतात, घरातला साधा स्टार ड्रायव्हर दुसऱ्या मापाचा. दोन्ही दिसायला सारखेच; पण टोक खाचेच्या तळापर्यंत बसत नाही, घसरते आणि खाच गोल होते. गॅरेजवाला त्यावर इम्पॅक्ट ड्रायव्हर ठेवून हातोडी मारतो. ठोक्याने टोक आत दाबले जाते आणि त्याच क्षणी फिरतेही. घरी असा ड्रायव्हर क्वचितच असतो.

ऑइल बदलणे सोपे समजले जाते आणि आटे जातात तेही बहुधा त्याच कामात. गळू नये म्हणून खालचा बोल्ट जरा जास्तच आवळला जातो, आणि पोलादापुढे ॲल्युमिनियमचे आटे हार मानतात. मग लेथवर नेऊन भोक मोठे करून बुश बसवायचा. दोनशे-चारशे रुपये वाचवायला बसलेल्याचा हिशेब इथे पार कोलमडतो.

वायरिंगचा त्रास निराळाच. जोडणीच्या आत तांब्यावर हिरवट थर चढतो. हॉर्न सकाळी वाजतो, दुपारी वाजत नाही. माणूस बॅटरी बदलतो, बल्ब बदलतो. दोष असतो चासीला जोडलेल्या अर्थच्या वायरीखालच्या गंजात. तो पॉलिश पेपरने घासून वर व्हॅसलिन लावले की पुष्कळदा काम भागते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नियम आले आणि नव्या गाड्यांपैकी बहुतेकींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. जेट साफ करून गाडी चालू करण्याचे दिवस त्याबरोबर सरले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर कारण समजायला बहुधा स्कॅनर लागतो. त्यात 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल पाणी ओढते. पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी साठू शकते, आणि लोखंडी टाकी आतून गंजते.

किनाऱ्यावरची दुरुस्ती शेवटच्या टप्प्यात, म्हणजे जोडणी करताना, खरी ठरते. प्रत्येक बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला की पुढच्या वर्षी तो सुटतो. हे ग्रीस ब्रेकच्या डिस्कला किंवा लायनरला लागता कामा नये. गाडी धुवायची ती गोड्या पाण्याने. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि त्याने धुतलेल्या गाडीवर वाळल्यानंतर पांढरे डाग उमटतात.