कल्पनेतल्या योद्ध्याचे शरीर

१९३२ सालच्या डिसेंबरात ‘वीअर्ड टेल्स’ या अमेरिकन मासिकातून रॉबर्ट हॉवर्ड या टेक्सासच्या लेखकाने कोनन नावाचा रानवट योद्धा प्रथम वाचकांपुढे आणला. परंतु त्या नावासरशी आज जी आकृती डोळ्यांसमोर उभी राहते, ती बव्हंशी १९६६ मध्ये फ्रँक फ्राझेटा या ब्रुकलिनच्या चित्रकाराने एका पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी रंगवलेल्या चित्रातली आहे. प्रेतांच्या ढिगावर उभा असलेला, खाली रोखलेल्या तलवारीच्या मुठीवर हात टेकलेला तो पुरुष पाहून अनेक हौशी चित्रकारांनी हाती पेन्सिल घेतली आहे. आणि त्यांतल्या बहुतेकांचा प्रारंभ जेथे होऊ नये तेथेच, म्हणजे स्नायूंपासून, होतो.

छातीचे दोन उंचवटे, पोटावरच्या चौकटी, दंडावरच्या बेटकुळ्या हा सारा तपशील एकेक करून निष्ठेने भरावा, आणि इतके करूनही कागदावरच्या माणसात बळ म्हणून दिसू नये, असा अनुभव नवशिक्याला हटकून येतो. लिओनार्डो दा विंचीने आपल्या टिपणवह्यांत अशा चित्रांना अक्रोडांनी भरलेल्या पोत्याची उपमा दिली आहे. याचे कारण शरीराच्या व्यवहारातच आहे: कोपर दुमडून दंड फुगवला की पुढचा स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा मागचा सैल पडतो, सर्व स्नायू एकाच वेळी ताणलेला मनुष्य हालचालच करू शकणार नाही. सामर्थ्य दिसते ते ताण आणि ढिलाई यांच्या भेदातून, आणि फ्राझेटाचे योद्धे विश्रांत उभे असतानाही भयंकर वाटतात ते याच भेदाच्या जाणिवेमुळे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आधी शरीराचा भार कोणत्या पायावर आहे ते ठरवावे. भाराच्या बाजूचा खुबा वर जातो आणि समतोलासाठी त्या बाजूचा खांदा खाली उतरतो, ही गोष्ट पॉलिक्लिटस या ग्रीक शिल्पकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच आपल्या भालाधारी पुरुषाच्या मूर्तीत सिद्ध केली होती. त्यानंतर मस्तक, बरगड्यांचा पिंजरा आणि कटिप्रदेश हे तीन मोठे घनाकार बसवावेत. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये दीर्घकाळ अध्यापन करणाऱ्या जॉर्ज ब्रिजमन यांची सारी शिकवण अशा घनाकारांच्या परस्परसंबंधावरच उभी होती. प्रमाणाचा हिशेब सोपा आहे: सर्वसाधारण मनुष्य सुमारे साडेसात मस्तकांइतका उंच असतो, तर वीरपुरुषाची आकृती आठ ते नऊ मस्तकांची काढण्याचा प्रघात आहे, कारण डोके लहान दिसले की खांदे आपोआप विशाल भासतात.

तलवार उगारलेला हात मात्र सवडीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण तेथे केवळ हात वर जात नाही. हात सरळ डोक्यावर नेला तर त्या १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश पाठीवरच्या खवाट्याच्या वळण्यातून येतात. त्याचे खालचे टोक काखेच्या दिशेने बाहेर सरकते, हासळीचे हाड तिरपे होऊन वर चढते, एरवी काखेपाशी पीळ घेऊन दंडात शिरणारा छातीचा स्नायू उलगडून लांबट होतो, आणि त्याच्याखाली बरगड्यांवरची दातेरी रांग उघडी पडते. हे ध्यानात न घेता, खाली सोडलेल्या हाताची छाती तशीच ठेवून वर निराळा हात जोडणाऱ्याचा योद्धा कायमचा परका वाटतो.

हे पाहण्यासाठी स्पर्धेतल्या शरीरसौष्ठवपटूंची छायाचित्रे फारशी उपयोगी नाहीत. मंचावर येण्यापूर्वी त्यांनी अंगातली चरबी कमालीची घटवलेली असते, आणि लढणाऱ्याच्या अंगावर ती थोडीबहुत असतेच. महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून उत्तम सोय उपलब्ध आहे. वस्तादांची परवानगी घेऊन कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत कडेला वही घेऊन बसावे, आणि दोन मल्ल एकमेकांना रेटू लागले की त्यांची जाड कंबर, मातीत रुतलेली टाच, पोटरीचा ताण आणि मानेपासून खांद्यापर्यंत उतरलेला मांसल उतार मिनिटा-मिनिटाच्या रेखाटनांत टिपावा.

राहता राहिले शस्त्र. मध्ययुगीन युरोपातली लढाईची तलवार बहुधा एक ते दीड किलोचीच असे, तेव्हा ती पेलताना योद्ध्याचे सर्वांग थरारण्याचे कारण नाही. कल्पनेच्या अधिकाराने तिला पुरुषभर उंच केले, तर तिचे वजनही चित्रकारानेच मुक्रर करावयाचे असते. मग पाते एका बाजूला कलले की कटी दुसऱ्या बाजूला सरकली पाहिजे, मागचा गुडघा वाकला पाहिजे, आणि मुठीपासून दूर असलेल्या त्या टाचेखालची जमीनही किंचित दबलेली दिसली पाहिजे.