संगणकाचे स्पीकर घेताना

घरात संगणक आला की त्याच्यासाठी टेबल येतं, खुर्ची येते, वर झाकायला भरतकामाचं आच्छादनसुद्धा हौसेनं शिवलं जातं. स्पीकरची पाळी आली की मात्र दुकानदार देईल ती जोडी पिशवीत पडते. मग पुण्याचा नातू व्हिडिओ कॉलवर बोलतो, त्यातलं निम्मं सासूबाईंना कळत नाही आणि घरातले म्हणतात, "आजीला आता ऐकू येत नाही." भगिनींनो, दोष दर वेळी आजीच्या कानांचाच असतो असं नाही हं!

वय वाढलं की कानाला आधी कमी पडतात ते बारीक, उंच स्वर. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या स्वरांवरूनच पटते. ती गेली की 'सात' आणि 'हात' सारखेच! हलक्या स्पीकरमध्ये नेमके हेच स्वर दबतात आणि ढबढब तेवढी पुढं येते. बटण फिरवून आवाज वाढवला तर ढबढबच वाढते, शब्द काही उमटत नाहीत. म्हणून ज्या घरात वडीलधारी माणसं आहेत, मुलं संगणकावर धडे ऐकतात, तिथं स्पीकर निवडायचा तो बोलणं स्वच्छ ऐकू येण्यासाठी.

यवतमाळच्या दत्त चौकात जा, नाही तर पुसद-वणीच्या बाजारात. दुकानदार आधी आकडा दाखवणार. "ताई, हजार वॅट आहे, साऱ्या गल्लीले ऐकू जाते!" खोक्यावर त्या आकड्यापुढं 'पीएमपीओ' अशी अक्षरं दिसली तर तो आकडा विसरून जा. तो क्षणभराचा, फुगवलेला. मोजायचा ठरलेला असा नियमच नाही त्याला. कापसाच्या जिल्ह्यातल्या बायकांना हे काय सांगायचं! ओला कापूसही काट्यावर जास्तच भरतो. तुम्ही विचारायचा तो 'आरएमएस' वॅट, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकेल तो. बैठकीच्या खोलीला प्रत्येक स्पीकरमागं पाच ते दहा वॅट पुष्कळ झाले.

आणखी एक पडताळा आहे. सोबतच्या अ‍ॅडाप्टरवर बारीक अक्षरांत 'आउटपुट' लिहिलेलं असतं, समजा १२ व्होल्ट आणि १ अ‍ॅम्पिअर. दोन्हींचा गुणाकार करा, झाले १२ वॅट. एवढ्यावर ४० वॅटचा आवाज सतत कुठून निघणार? नुसत्या यूएसबीच्या वायरीवर चालणाऱ्या जोडीचंही तसंच. जुन्या, साध्या पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अ‍ॅम्पिअर, म्हणजे अवघे अडीच वॅट मिळतात. एकट्या मुलाला टेबलाशी बसून ऐकायला ते पुरे, पण चारजणांना नाही.

दोन लहान स्पीकर आणि एक मोठा ठोकळा असा संच पाहून घरातले पुरुष हमखास भुलतात. माझं मत विचाराल तर तेवढ्याच पैशांत ठोकळ्याविना दोनच, पण दणकट पेटीचे घ्यावेत. पेटीवर बोटानं टकटक करा. आवाज पोकळ, डब्यासारखा आला तर पुढं चला.

दुकानात जाताना तुमच्या ओळखीचं गाणं पेनड्राइव्हमध्ये न्या. दुकानदाराच्या धमाकेदार गाण्यावर सगळेच स्पीकर छान वाटतात! 'गीतरामायण' उत्तम, कारण त्यात शब्द महत्त्वाचा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ते वर्षभर घरोघर पोचलं, ते साध्या रेडिओच्या एकाच स्पीकरमधून. (ते लिहिणारे माडगूळकर १९७३ साली आपल्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आठवतं ना?) बाबूजींचा शब्द न शब्द हळू आवाजातही कळला पाहिजे. मग गाणं थांबवून बटण पूर्ण फिरवा आणि कान द्या. घूं-घूं किंवा खरखर आली तर ती जोडी परत ठेवायला लावा. सासूबाईंना बरोबर नेता आलं तर फारच छान, कान त्यांचे आहेत!

घरी आल्यावर स्पीकर कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवू नका, ढबढब वाढते. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तोंड त्याच्याकडं करून ठेवा. आपल्याकडच्या वैशाखात खिडकीतल्या उन्हापासूनही जपा. आणि दुकानात शांत असलेली जोडी घरी घूं-घूं करू लागली, तर संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावून पाहा. तरीही थांबलं नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.