आंतरराष्ट्रीय सेवा पथक (जागतिक स्काउट जांबोरी)

आंतरराष्ट्रीय सेवा पथक हे जागतिक स्काउट जांबोरीत विनावेतन काम करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकांचे पथक होय. पहिली जांबोरी १९२० साली लंडन येथे झाली. आता हा मेळावा साधारणतः दर चार वर्षांनी निरनिराळ्या देशांत भरतो.

शिबिरार्थी म्हणून १४ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनाच प्रवेश असतो. त्यामुळे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना, तुकडीप्रमुख वा पदाधिकारी नसल्यास, सेवा पथकातूनच सहभागी होता येते. शिबिरशुल्क व प्रवासखर्च स्वयंसेवक सामान्यतः स्वतःच उभा करतात. काम करण्यासाठी पदरचे पैसे मोजावे लागतात, याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. शिधावाटप, प्रथमोपचार, दुभाष्याचे काम, साहसी उपक्रमांची देखरेख, सुरक्षा व स्वच्छता अशी कामे वाटून दिली जातात; आवडीचेच काम मिळेल याची शाश्वती नसते.

२०२३ साली दक्षिण कोरियात सेमांगुम येथे, समुद्रात भराव घालून तयार केलेल्या सपाट भूमीवर २५ वी जांबोरी भरली. सुमारे ४३,००० जण तेथे जमले होते. सावलीचा अभाव, तीव्र उष्मा आणि अस्वच्छ शौचालये यांमुळे शेकडो जण आजारी पडले अथवा त्रस्त झाले. मूलभूत सोयींतील ही उणीव स्वयंसेवकांच्या श्रमाने भरून निघण्याजोगी नव्हती. ब्रिटन व अमेरिकेच्या तुकड्यांनी मुदतीपूर्वीच तळ सोडला. पुढे खानून चक्रीवादळाच्या धोक्यामुळे ८ ऑगस्ट रोजी उर्वरित सर्वांना हलवण्यात आले आणि ११ ऑगस्टचा समारोप सोलच्या विश्वचषक मैदानावर झाला.