कोंबडा की कोंबडी? : रश्श्याची चव आणि पोषण

कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची कीर्ती सर्वदूर पसरलेली आहे. हे रस्से मुख्यत्वे मटणाचे असले, तरी कोंबडीचेही घरोघरी केले जातात. दोहोंचा पाया एकच : तिखट न घालता शिजविलेल्या मांसाचे पाणी, म्हणजेच ‘अळणी’. लहान मुले, आजारी माणसे आणि बाळंतिणी यांच्यासाठी हेच पाणी बाजूला काढले जाते. ते कोंबड्याचे असावे की कोंबडीचे, हा प्रश्न केवळ चवीचा नाही. बाळंतिणीच्या आहाराशी आणि परसातील पक्ष्यांपासून घराला होणाऱ्या मिळकतीशीही त्याचा संबंध आहे.

चवीतील फरकाचे कारण

मांसाला रुची देणारे ग्लुटामेट व इनोसिनेट हे घटक पाण्यात विरघळतात आणि ते नर व मादी या दोहोंच्या मांसात असतात. कोंबडीचा म्हणून जो खास वास ओळखू येतो, तो मात्र बव्हंशी चरबीतून येतो. मादी वयात येताना, अंडी घालण्याच्या तयारीत, तिच्या शरीरात व विशेषतः पोटात चरबी साठू लागते. म्हणून तिचा रस्सा स्निग्ध व सुवासिक होतो. नराच्या अंगी चरबी कमी व स्नायू अधिक असतात. त्याचा रस्सा पातळ तवंगाचा होतो. हा परिणाम संप्रेरकांचा होय. फ्रान्समध्ये खच्ची केलेले कोंबडे पोसण्याची जुनी प्रथा आहे. अशा कोंबड्यांच्या अंगी भरपूर चरबी धरते, हा त्याचा पुरावाच म्हणता येईल.

लिंगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व वयाला आहे. वय वाढते तसे मांसातील कोलॅजेनचे धागे घट्ट होतात. जून पक्षी मंद आचेवर बराच वेळ शिजविला, तर या कोलॅजेनचे जिलेटिन बनते व रश्श्याला दाटपणा येतो. ब्रॉयलर पक्षी सुमारे सहा आठवड्यांत, म्हणजे वयात येण्यापूर्वीच, विक्रीस येतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत नर-मादी हा भेद जवळजवळ जाणवत नाही. रश्श्याचा पिवळा रंग तर बराचसा मक्यासारख्या खाद्यामुळे येतो. तो पौष्टिकतेचे लक्षण नव्हे.

पोषण रश्श्यात किती?

नराचा असो वा मादीचा, रस्सा हा मुख्यतः पाणीच असतो. मादीच्या रश्श्यात चरबी, म्हणून उष्मांक, थोडे अधिक. इतकाच काय तो फरक. जिलेटिन हे अपूर्ण प्रथिन आहे, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. हाडे कितीही उकळली, तरी पाण्यात कॅल्शियम अत्यल्पच उतरते. उत्तम प्रथिने व लोह यांचा मोठा भाग मांसात व काळजातच राहतो. गरम रश्श्याने भूक उत्तेजित होते, पोटात पाणी व मीठ जाते. आजाऱ्यास हा लाभ निश्चितच होतो. परंतु बाळंतिणीला पाणी आणि इतरांना मांस अशी वाटणी झाली, तर जिला पोषणाची सर्वाधिक गरज, तीच त्याला मुकते.

काय करावे?

बाळंतिणीला आणि मुलांना रश्श्यासोबत मऊ शिजविलेले मांस, अंडी व वरण द्यावे. रक्तदाब असलेल्यांसाठी मीठ बेताचे ठेवावे. उरलेला रस्सा फार वेळ उघड्यावर न ठेवता, पुन्हा उकळूनच वापरावा. आजारी वा मेलेला पक्षी मात्र शिजवू नये.

उबविलेल्या पिल्लांत साधारणतः निम्मे नर निघतात. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. अशी चालती कोंबडी केवळ ‘ताकदीच्या’ रश्श्यासाठी कापणे हे घराचे नुकसानच होय. तरणे कोंबडे व अंडी देण्याचे थांबलेल्या जून कोंबड्या स्वयंपाकासाठी आणि तलंगा अंड्यांसाठी, हा हिशेब चवीच्या व पोषणाच्या अशा दोन्ही दृष्टींनी योग्य ठरतो. शाळेत, अंगणवाडीत व ग्रामसभेत ही साधी गोष्ट समजावून सांगितली गेल्यास तिचा लाभ घरोघरी पोहोचेल.